चार वाजता धरलेला हात

ती गाडी आमच्या सोसायटीत आली तेव्हा आठवडाभर लोक तिच्यात डोकावून जात होते. सर्जापूर रोडवर गाड्यांचं कुणाला अप्रूप राहिलेलं नाही, पण हे चाकांवरचं घर होतं. मोठी व्हॅन आतून रिकामी करून तिच्यात पलंग, ओटा, छोटं बेसिन, कपाटं आणि छतावर एसी बसवला होता. क्लबहाऊसच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत पाहुण्यांच्या गाड्यांसाठी जागा आहे. तिथल्या शेवटच्या कोपऱ्यात तिला कायमची जागा मिळाली, कारण गाडी आल्यावर नवव्या दिवशी तिचा मालक वारला. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या. त्याचं वय बेचाळीस होतं. त्या गाडीतून ती दोघं एकदाही कुठे गेली नव्हती.

त्याची बायको आमच्याच विंगमध्ये राहते. पुण्याची. घरूनच काम करते. मला काकू म्हणते. मी इथलीच, म्हणजे वडील नोकरीसाठी आले आणि मी मल्लेश्वरमला वाढले, त्यामुळे माझ्या मराठीत कन्नड इतकं मिसळलंय की पुण्याहून आलेल्या या मुलींना सुरुवातीला हसू येतं. तीस वर्षं मी एका सरकारी कंपनीत विजेच्या यंत्रांची चाचणी करत होते. निवृत्त झाले तरी सोसायटीत कुणाचा गीझर शॉक द्यायला लागला की बोलावणं मलाच येतं.

तो गेल्यानंतर साधारण वर्षाने, एप्रिलमध्ये, ती एका दुपारी दारात येऊन उभी राहिली. गाडीचा एसी चालत नाही, बघाल का, म्हणाली. एसी लावला की गुरगुरतो, आतले दिवे मंद होतात, आणि मिनिटभरात मशीन बंद पडून नुसता पंखा फिरत राहतो. मी विचारलं, तू गाडीत बसतेस? ती म्हणाली, रोज. दुपारी जेवण झालं की लॅपटॉप घेऊन ती तिथे जायची, एसी लावायची आणि संध्याकाळपर्यंत तिथेच काम करायची.

मी मल्टिमीटर आणि टेस्टर पिशवीत टाकून तिच्याबरोबर खाली गेले. तीन वाजून गेले असतील. कामाचा दिवस होता, त्यामुळे त्या बाजूला चिटपाखरू नव्हतं. भिंतीपलीकडे निलगिरीची झाडं आहेत आणि त्यांच्यापुढे आटलेलं तळं. ऊन पांढरं पडलेलं. क्लबहाऊसच्या भिंतीवरच्या सॉकेटमधून एक जाड काळी वायर जमिनीवरून गाडीपर्यंत गेली होती.

तिने गाडीच्या दाराशी चपला काढल्या. देवघरात जाताना काढतात तशा, बाजूला नीट जोडून ठेवल्या. मीही काढल्या. आत सगळं लख्ख होतं. पलंगावर इस्त्री केलेली चादर होती, ओट्यावर दोन मग पालथे घातलेले होते, दोन्ही धुतलेले. प्रत्येक स्विचखाली कागदाची छोटी पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर बारीक, सरळ अक्षरांत लिहिलं होतं: तुझा दिवा. माझा दिवा. ओट्याचा पंखा. त्याचं अक्षर, ती म्हणाली.

मी एसी लावायला सांगितला आणि मोजायला सुरुवात केली. भिंतीतल्या सॉकेटमध्ये दोनशे तीस व्होल्ट व्यवस्थित मिळत होते. गाडीत एसीच्या जोडणीपाशी, मशीन सुरू व्हायच्या क्षणी, ते एकशे सत्तरवर घसरत होते. म्हणजे एसी चांगला होता. वाटेत कुठेतरी एखादा जोड सैल होता आणि वीज तिथेच जळून जात होती. जोड कुठे आहेत ते बघायला मी बाहेर आले.

तोपर्यंत चार वाजले होते. माळी येऊन भिंतीवरच्या वेलींना पाणी घालून पुढे गेला होता आणि ते पाणी उताराने गाडीखाली येऊन दारासमोरच्या फरशांवर पसरलं होतं. मी ओल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवला, तोल सावरायला दाराचं हँडल धरलं, आणि कुणीतरी माझा हात धरला.

मला दुसरा शब्द सापडत नाही. शॉक बसतो तेव्हा झटका असतो, हात आपोआप मागे येतो. हे तसं नव्हतं. धातूला एकाएकी कातडी आल्यासारखी झाली होती, मऊ, बारीक लव असलेली, आणि ती माझ्या तळव्याखाली थरथरत होती. मनगटापासून कोपरापर्यंत केस उभे राहिले. तीस वर्षं वीज हाताळलेली बाई मी, पण असं कधी अनुभवलं नव्हतं. मी हँडल सोडलं आणि पाऊल परत गाडीच्या पायरीवर घेतलं.

ती आतून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. समाधान होतं.

"तुम्हालाही कळलं ना?" ती म्हणाली.

मग तिने मला सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, ऑफिसच्या मीटिंगमध्ये सांगावं तसं. हे आजवर तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. दोन-अडीच महिन्यांपूर्वी एका दिवशी ती गाडीतून उतरत होती तेव्हा पहिल्यांदा हाताला ते जाणवलं. अगदी पुसट. तिला वाटलं भास आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी काही नसायचं. दुपारी आत जाताना काही नसायचं. पण चारच्या सुमाराला ती दार उघडून खाली उतरायची, हँडल धरून उभी राहायची, आणि तो तिचा हात धरायचा. तो ऑफिसातून चारला चहाच्या सुट्टीत तिला फोन करायचा, रोज. म्हणून चार. आणि दिवसेंदिवस पकड घट्ट होत चालली होती. आता कधीकधी कोपरापर्यंत येते, म्हणाली.

ती बोलत असताना माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती, आणि जितकी बसत होती तितकी मला जास्त भीती वाटत होती. चार वाजता माळी पाणी घालतो. ती अनवाणी उतरते. गाडी रबरी टायरांवर उभी असते, जमिनीपासून तुटलेली. आत कुठेतरी वीज गाडीच्या पत्र्यात गळत होती, आणि ओल्या फरशीवर उभं राहून हँडल धरणारं माणूस त्या विजेची जमिनीकडे जाणारी वाट होतं. पकड घट्ट होत चालली होती याचा अर्थ गळती वाढत चालली होती. एक दिवस त्या हाताने तिला सोडलं नसतं.

यातलं काहीच मी तेव्हा तिला सांगितलं नाही. मी म्हणाले, तू आतच बस, पाय वर घे, कशालाही हात लावू नकोस. चपला घालून, पत्र्याला न शिवता मी खाली उतरले, भिंतीपाशी गेले आणि काळ्या वायरचा प्लग सॉकेटमधून ओढून काढला.

गाडीच्या छतावरचा एसी थांबला. निलगिरीची पानं वाजलेली ऐकू आली. आणि मग, मी प्लग हातात धरून उभी असताना, एसीचा पंखा परत फिरायला लागला.

मी हातातल्या प्लगकडे बघितलं. त्याच्या पिना उघड्या होत्या, कशालाच जोडलेल्या नव्हत्या. मी तशीच गाडीपाशी गेले आणि टेस्टरचं टोक हँडलला लावलं. टेस्टरमधला दिवा पेटला. पहिल्यापेक्षा मंद, पण पेटला. आतून ती म्हणाली, "काकू, तो असा जात नाही."

मी घाबरले होते हे मला आजही कबूल करायला लाज वाटत नाही. पण सवय मोठी असते. मी कान देऊन ऐकलं. पलंगाखालून एक बारीक, एकसुरी गुणगुण येत होती. ती आधीपासून असणार, एसीच्या आवाजात बुडालेली. पलंगाची फळी उचलली तर खाली दोन मोठ्या बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर. बाहेरची वीज गेली की आपोआप आतली वीज सुरू व्हावी, अशी सोय त्याने करून ठेवली होती. बायकोला सांगायचं राहून गेलं असावं, किंवा पहिल्या सहलीत रस्त्यातच कुठेतरी दाखवून तिला चकित करायचं असावं. मी इन्व्हर्टर बंद केला. पंखा थांबला. हँडलवर टेस्टर लावला. अंधार.

"हात लावून बघ," मी तिला म्हणाले.

तिने पायरीवरून खाली उतरून ओल्या फरशीवर पाय ठेवले आणि हँडल धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग सोडून दिलं आणि ती हात पदराला पुसावा तसा कुर्त्याला पुसत राहिली.

मी विचारलं, पहिल्यांदा जाणवलं त्याच्या आधी गाडीत काही काम झालं होतं का? ती म्हणाली, हो, आदल्याच दिवशी. आतला एक स्विच सारखा पडत होता आणि एसी बंद व्हायचा. म्हणून तिने सोसायटीत येणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं. त्याने काहीतरी केलं, मग क्लबहाऊसचा स्विच पडायला लागला, मग त्याने आणखी काहीतरी केलं, आणि मग काहीच पडेनासं झालं.

काळ्या वायरचा प्लग मी उघडला. जमिनीत जाणारी हिरवी वायर कापून मागे दुमडून ठेवली होती. हे त्याचं दुसरं काम. पहिलं काम कपाटामागच्या डब्यात सापडलं. त्यातल्या स्विचची दांडी बाहेरूनच चढवता यायची, म्हणून तो चार स्क्रूंचा डबा तिने कधी उघडलाच नव्हता. तिच्या बोलण्यातला पडणारा स्विच हाच, वीज गळायला लागली की आपोआप पडून सगळं बंद करणारा, माणसाला वाचवायलाच बनवलेला. इलेक्ट्रिशियनने त्याला वगळून वायरी बाहेरच्या बाहेर पिळून जोडल्या होत्या आणि वर काळी टेप गुंडाळली होती. टेप वितळून खाली ओघळली होती. जळून काळा पडलेला तो जोड म्हणजेच एसीच्या गुरगुरण्याचं कारण. पण ते मी नंतर बघितलं. आधी नजर गेली ती झाकणाच्या आतल्या बाजूकडे. तिथे तशीच कागदाची पट्टी होती, इतरांपेक्षा लांब, त्याच बारीक सरळ अक्षरांत:

हा स्विच पडला तर परत चढवू नकोस. मला हाक मार.

इलेक्ट्रिशियन होसूरकडचा. त्याला देवनागरी वाचता येत नाही. त्याने ती पट्टी बघितली असेल, नक्षी बघावी तशी.

मी झाकण तिच्या हातात दिलं. ती वाचून पलंगाच्या कडेवर बसली. बाहेर पाण्याचा ओघळ वाळत चालला होता. मी तिला समजावून सांगायला लागले, की हा स्विच जेव्हा पडत होता तेव्हा तो तुला सांगत होता, आणि हँडलला जे जाणवत होतं ते त्याचं नव्हतं, ती गळती होती, आणखी पंधरा दिवसांत तिने तुझा जीव घेतला असता. मी खूप बोलले. बोलताना माझ्या लक्षात आलं, की ती ऐकत नाहीये. ती झाकणावरून अंगठा फिरवत होती.

"हाकच मारत होते की रोज," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच इथल्या शिवाजीनगरला गेले. गाडी जिथे बनवली ते वर्कशॉप तिथल्या एका गल्लीत आहे. चेपलेल्या दारांच्या आणि सायलेन्सरांच्या ढिगाऱ्यामागे. मला जाणून घ्यायचं होतं की छतावरच्या एसीची वायर कुठून आत आणली आहे. वर्कशॉपचे म्हातारे मालक दखनी बोलणारे, डोळ्यांना जाड चष्मा. गाडीचं नाव काढताच त्यांनी चष्मा काढून पुसला. साहेब दर शनिवारी यायचे, म्हणाले, दिवसभर माझ्यासोबत उभे राहायचे, प्रत्येक स्क्रूला हात लावून बघायचे. छताच्या पत्र्याला जिथे भोक पाडलं तिथे वायर कापू नये म्हणून रबराची कडी बसवायची असते. त्या मापाची कडी तेव्हा दुकानात नव्हती. साहेब म्हणाले, गाडी आठ-दहा दिवस घरी नेतो, बायकोला दाखवतो, पुढच्या शनिवारी येऊन कडी मी स्वतः बसवतो.

शनिवारच्या दोन दिवस आधी तो गेला.

मालक आत गेले आणि त्यांनी एका बरणीतून ती कडी काढून माझ्या तळहातावर ठेवली. साधी काळी रबरी कडी, बांगडीपेक्षा लहान. त्यांनी ती मागवून ठेवली होती आणि वर्षभर टाकली नव्हती.

मग सगळं उलगडलं. ती रोज दुपारी एसी लावायची. एसी चालला की छत बारीक थरथरायचं, आणि प्रत्येक वेळी ती वायर पत्र्याच्या धारेवर केसभर घासली जायची. जितकी ती त्याच्या आठवणीत तिथे बसली तितकी वायर सोलत गेली. छताचं आवरण उतरवून मी बघितलं तेव्हा वायरवर नखाच्या आकाराचा एक पांढुरका खड्डा पडला होता आणि त्याच्या तळाशी तांबं अगदी धाग्याएवढं चमकत होतं.

दुरुस्तीला दोन दुपारी लागल्या. नवी वायर, रबराची कडी, स्विचचे जोड पहिल्यासारखे, प्लगमध्ये हिरवी वायर परत जागेवर. ती दोन्ही दिवस माझ्याजवळ बसून होती, पाना-पक्कड हातात देत होती, टॉर्च धरत होती. फारसं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी शेवटचा स्क्रू पिळत असताना तिने टॉर्च खाली केला.

"काकू, थोडं ठेवता येईल का?" ती म्हणाली. "अगदी स्वल्प."

ती कन्नड शब्द सहसा वापरत नसे. माझ्याकडूनच घेतला असणार. मी तिच्याकडे न बघता सांगितलं, नाही येत, गं. गळती थोडी राहत नाही, ती वाढतच जाते.

हे खोटं होतं. म्हणजे, त्या वायरपुरतं खरं होतं. पण एक छोटासा पुर्जा योग्य ठिकाणी जोडला असता तर तेवढाच, मोजून मापून, जीवाला अजिबात धोका नसलेला थरथराट मी त्या हँडलमध्ये कायमचा ठेवू शकले असते. मला त्याची किंमत, आकार, जागा, सगळं त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसलं. पिशवीत तसे दोन होतेही. मी स्क्रू घट्ट पिळला आणि झाकणावरची धूळ पुसली.

एसी लावला. मशीन एका दमात सुरू झालं, दिवे हललेसुद्धा नाहीत. चार वाजले, माळी येऊन गेला. ती अनवाणी खाली उतरली, हँडल धरून उभी राहिली. मी टेस्टर लावला नाही, गरज नव्हती. ती म्हणाली, थँक यू काकू, आणि चपला पायात सरकवून लिफ्टकडे गेली. दार लावायलाही थांबली नाही. मीच लावलं.

त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. लिफ्टमध्ये भेटली तर मोबाइलमध्ये बघायची. मला राग आला नाही, पण मला दुपारची झोप लागेनाशी झाली. आमच्या गॅलरीतून तो कोपरा दिसतो. चार वाजले की मी उगाचच तिथे जाऊन उभी राहायचे. ती येत नव्हती. एक-दोनदा आमच्या ह्यांनी विचारलं, काय बघतेस, तर मी कपडे वाळलेत का बघते म्हणाले. ह्यांना मी सगळं सांगितलं होतं, फक्त त्या छोट्या पुर्ज्याचं सोडून. एकदा मी स्वतः खाली गेले. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिले आणि ते हँडल धरलं. थंड होतं, गुळगुळीत होतं. तरी मी बराच वेळ सोडलं नाही. सोसायटीच्या सिक्युरिटीतले एक वयस्कर अण्णा लांबून बघत होते. अक्का, काही हरवलंय का, असं त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. मी नाही म्हणाले आणि वर आले.

जुलैत एका सकाळी ती दारात आली. गाडीतली प्रत्येक वायर मला समजावून सांगा, म्हणाली. कुठून निघते, कुठे जाते, काय बिघडलं तर काय करायचं. चार रविवार आम्ही तेच केलं. ती वहीत आकृत्या काढायची. एकदा तिने मध्येच विचारलं, की त्या दिवशी मी तुमच्याकडे आले नसते तर किती दिवस लागले असते. मी म्हणाले, ठाऊक नाही, एखादा जोराचा पाऊसही पुरला असता. तिने मान हलवली आणि पुढची वायर विचारली.

दिवाळीच्या सुट्टीत ती आईला घेऊन गाडीने निघाली. बेळगावमार्गे कोकणात उतरून परत, आठ दिवस. गाडी तिने स्वतः चालवली. परत आली तेव्हा उजवा हात कोपरापासून खाली उन्हाने रापला होता. आमच्याकडे बसून चहा घेताना तिने घाटांचं, धुक्याचं, आईच्या कुरकुरीचं सगळं सांगितलं. एसी एकदाही लावावा लागला नाही, म्हणाली, उघड्या खिडकीतला वाराच पुरला. एका गावी मुक्कामाला जागा मिळाली नाही म्हणून त्यांनी माळावर गाडी उभी केली. आजूबाजूला विजेचा खांबसुद्धा नव्हता. इन्व्हर्टरही तिने बंद करून ठेवला होता. पहाटे ती अनवाणी खाली उतरली, हँडल धरून उभी राहिली.

"गाडीत त्या वेळी कुठेच वीज नव्हती, काकू," ती म्हणाली. "मी दोनदा तपासलं."

मी वाट बघत राहिले. तिने कप खाली ठेवला, माझ्याकडे बघून थोडीशी हसली, आणि आईच्या गुडघेदुखीचा विषय काढला. मी पुढे काही विचारलं नाही.